नवसाचें नाटक आणि आपलें अंगण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त देवळाच्या अंगणांत झालेल्या संगीत नाटकापूर्वी नाट्यमंडळीच्या वतीनें दिलेलें व्याख्यान)



पडदा उघडण्यास अजून घटकाभर अवकाश आहे. आंत लहान मुलें तोंडाला रंग लावून बसलीं आहेत, आणि त्यांना स्वस्थ बसविणें हें त्यांच्या आयांना नाटकापेक्षां अवघड जात आहे, हें येथवर ऐकूं येतच आहे. तेवढ्या वेळांत मंडळीच्या वतीनें चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. जमाखर्चाचा अहवाल निराळा छापला आहे. तो आम्ही वाचून दाखवीत नाहीं. दूर देशींच्या एका गांवाची हकीगत सांगावी, आणि तिच्या उजेडांत आपल्या अंगणाकडे पाहावें, इतकाच आमचा हेतु आहे.

आपलें अंगण कां बंद पडलें, हें सर्वांस ठाऊक आहे. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें देवळें, शाळा, नाट्यगृहें, सारेंच बंद झालें. त्या वर्षीं नोव्हेंबरांत महाराष्ट्रांतील नाट्यगृहें अर्ध्या प्रेक्षकांनिशीं उघडलीं, पुढल्या वर्षीं दुसरी लाट आली तेव्हां तीं पुन्हां मिटलीं, आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजीं त्यांचीं दारें फिरून उघडलीं. पण आपलें अंगण मात्र त्यानंतरही वर्षामागून वर्ष मुकेंच राहिलें. तें बंद ठेवण्याचा हुकूम कोणत्याही सरकारानें दिलेला नव्हता. कोणाच्या घरीं दुःख होतें, कोणाचा धंदा बुडाला होता, तरुण मंडळी पोटापाण्यासाठीं दूर गेली होती. हीं कारणें खरीं आहेत. पण त्यांच्या आड आमचा आळसही लपला होता, हें आज कबूल केलें पाहिजे. कोठी उघडली तेव्हां तीन राजांच्या झग्यांना कसर लागली होती, आणि बाजाच्या पेटीचा भाता उंदरांनीं कुरतडला होता. तो भाता पाहून आमच्यांतील एका वृद्ध सभासदांच्या डोळ्यांत पाणी आलें. पेटी दुरुस्त झाली. आज ती वाजणार आहे.

आतां त्या गांवाकडे वळूं. जर्मनी देशाच्या दक्षिणेस बव्हेरिया नांवाचा प्रांत आहे. तेथें आल्प्स पर्वताच्या कुशींत, आमर नदीच्या कांठीं, ओबरामरगाऊ हें गांव वसलेलें आहे. वस्ती सुमारें पांच हजारांची. लांकडावर कोरीव काम करणें हा तेथील पिढीजाद धंदा. जर्मन देशाचा आणि आपला संबंध नवा नाहीं. ज्या ‘निरोप्या’ मासिकानें मराठी कॅथॉलिक घरांत वाचनाची गोडी लावली, तें १९०३ सालीं हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनींच सुरू केलें होतें. तेव्हां त्यांच्या देशांतील एका खेड्याची गोष्ट आपल्या महोत्सवांत सांगणें अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं.

१६३३ सालची गोष्ट. युरोपांत तीस वर्षें चाललेलें युद्ध पेटलेलें होतें, आणि युद्धाच्या पाठोपाठ प्लेगची साथ गांवोगांव फिरत होती. ओबरामरगाऊच्या लोकांनीं आपल्या वेशीवर पहारे बसविले होते. परंपरा असें सांगते कीं, कास्पर शिस्लर नांवाचा एक मजूर बाहेरगांवीं कामास होता. देवळाचा सण जवळ आला, बायकोमुलांची ओढ लागली, आणि रात्रीच्या अंधारांत पहारा चुकवून तो घरीं आला. त्याच्याबरोबर साथही आली. थोडक्याच महिन्यांत ऐंशींच्या वर माणसें मरण पावलीं. २०२० सालीं आपल्या रस्त्यांवरून डोक्यावर बोचकीं घेऊन पायीं घराकडे निघालेले मजूर आपण पाहिले आहेत. त्यांना पाहिल्यावर या शिस्लरचा राग येत नाहीं, त्याची कींवच येते. सणाला घरीं असावें, एवढीच त्याची इच्छा होती.

तेव्हां गांवचे वडीलधारे देवळांत जमले आणि त्यांनीं नवस केला कीं, ही साथ टळली तर दर दहा वर्षांनीं आम्ही प्रभूच्या दुःखसहनाचें व मरणाचें नाटक करूं. त्यानंतर साथीनें एकही माणूस दगावला नाहीं, अशी तेथील श्रद्धा आहे. पहिला प्रयोग १६३४ सालीं पवित्र आत्म्याच्या सणास झाला, आणि तो झाला स्मशानभूमींत, ज्यांना साथीनें नेलें त्यांच्या थडग्यांवर. या गोष्टीचा आम्ही पुष्कळ विचार केला. त्यांनीं रंगभूमि शोधण्यासाठीं आपल्या दुःखापासून दूर जागा पाहिली नाहीं; ज्या मातींत आपलीं माणसें पुरलीं, तिच्यावरच ते उभे राहिले. १८३० सालीं नाटक आजच्या जागीं हलविण्यांत आलें, तोंवर तें देवळाच्याच आवारांत होत असे.

हें नाटक निव्वळ भाषणांचें नाहीं. १८११ सालीं ओथमार वाइस या धर्मगुरूंनीं त्याची नवी संहिता लिहिली; ते जवळच्या एट्टाल मठाचे संन्यासी होते. गांवच्या शाळेचे शिक्षक रोखुस डेडलर यांनीं त्यास संगीत दिलें, आणि १८२० सालीं त्या संगीताला जें रूप आलें, त्याच्याच पायावर तें आजही गायिलें जातें. मधून मधून जुन्या करारांतील प्रसंगांचीं सजीव चित्रें दाखवितात. माणसें चित्राप्रमाणें निश्चल उभीं राहतात, आणि साठांहून अधिक गायकांचा वृंद त्या प्रसंगाचा अर्थ गाऊन सांगतो. कथा गाऊन सांगितल्यावांचून ती अंतःकरणांत उतरत नाहीं, हें आपणां मराठी माणसांस कोणी शिकवावयास नको. फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें, म्हणजे त्या नवसाच्याही आधीं सतरा वर्षें. आणि तें देवळांतून गायिलें जात होतें. पुढें १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणिलें, आणि सबंध महाराष्ट्र नाटक ऐकावयास जाऊं लागला.

ओबरामरगाऊच्या रंगभूमीचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. सुमारें साडेचार हजार प्रेक्षक छपराखालीं बसतात. पण नट उभे असतात ते उघड्या आकाशाखालीं. त्यांच्या पाठीमागें खरा डोंगर आणि खरे ढग. पाऊस आला तर प्रेक्षक कोरडे राहतात आणि नट भिजतात. नाटक थांबत नाहीं. प्रयोग सुमारें पांच तासांचा. मध्यें जेवणासाठीं तीन तासांची सुट्टी. २०२२ सालीं तो दुपारीं अडीच वाजतां सुरू होऊन रात्रीं साडेदहाच्या सुमारास संपत असे. रंगभूमीवर, वाद्यवृंदांत, कपडेपटांत, दारावर, सर्व मिळून अठराशेंच्या आसपास गांवकरी खपत होते. आजोबा महायाजकांच्या सभेंत, बाप रोमी शिपायांत, आई गायकवृंदांत, आणि लेकरूं झावळ्या घेऊन यरुशलेमेच्या गर्दींत, असें एकेक घरच्या घर त्यांत उतरतें. प्रमुख भूमिका करणारीं माणसेंही गांवचींच. नाटक संपलें कीं तीं आपापल्या कामावर परत जातात.

पण हा नवस अखंड चालला, असें समजूं नका. १७७० सालीं राजाज्ञेनें नाटक बंद पाडलें. १८७० सालीं प्रयोग चालू असतां युद्ध सुरू झालें, आणि राहिलेले प्रयोग १८७१ सालीं करावे लागले. पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखींत १९२० चें नाटक १९२२ वर गेलें. १९४० सालीं दुसऱ्या महायुद्धामुळें तें झालेंच नाहीं. तें थेट १९५० सालीं झालें. आणि २०२० सालीं, ज्या साथीच्या आठवणीनें हें नाटक जन्मास आलें, तसल्याच एका साथीनें त्याचें दार लावलें. त्या वर्षीं १९ मार्च रोजीं, संत योसेफाच्या सणाच्याच दिवशीं, नाटक दोन वर्षें पुढें ढकलल्याचें जाहीर झालें.

येथें एक लहानशी गंमत सांगण्यासारखी आहे. नाटकाच्या आदल्या वर्षीं राखेच्या बुधवारीं गांवांत एक फर्मान निघतें. त्या दिवसापासून नटांनीं डोक्याचे केस कापावयाचे नाहींत, आणि पुरुषांनीं दाढी करावयाची नाहीं. रोमी शिपायांना तेवढी सूट. २०१९ सालीं तें फर्मान निघालें, वर्षभर केस वाढले, आणि मग नाटकच राहिलें. लोकांनीं निमूटपणें केस कापून टाकले. पण २०२१ सालच्या राखेच्या बुधवारीं फिरून तेंच फर्मान निघालें, आणि तेच लोक पुन्हां केस वाढवूं लागले. त्या दिवसांत साथ सरलेली नव्हती. नाटक होईल कीं नाहीं, हें कोणासच ठाऊक नव्हतें. आशा हा सद्गुण आपण धर्मशिक्षणांत पाठ करितों. त्या गांवीं तो माणसांच्या हनुवटीवर उगवलेला दिसला, असें म्हटलें तर थट्टा होणार नाहीं. अखेर १४ मे २०२२ रोजीं रंगभूमि उघडली, २ ऑक्टोबरपर्यंत प्रयोग चालले, आणि चार लाखांहून अधिक लोकांनीं ते पाहिले.

आतां या हकीगतींतील सर्वांत अवघड भागाकडे येतों. जें शतकानुशतकें चालत आलें, तें सारेंच पवित्र असतें काय? या नाटकाच्या जुन्या संहितेंत प्रभूच्या मरणाचा दोष सबंध यहुदी जातीच्या माथीं मारलेला होता. यहुदी याजक दुष्ट, कपटी, पैशाचे लोभी असे दाखविले जात. १९३४ सालीं त्रिशतसांवत्सरिक प्रयोग झाले, तेव्हां हिटलर स्वतः तें पाहावयास आला होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत यहुद्यांचें काय झालें, हें जगास ठाऊक आहे. भाविक अंतःकरणानें केलेल्या नवसाच्या नाटकांतही विष मिसळूं शकतें, हें सत्य कडू आहे, पण तें गिळलें पाहिजे. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें जाहीर केलें कीं, प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट लादतां येत नाहीं. तरीही गांवानें जुनी पोथी सहजासहजीं सोडली नाहीं. १९७० च्या प्रयोगांविरुद्ध यहुदी संघटनांनीं जोराचा निषेध केला. पुढें १९९० च्या प्रयोगांसाठीं ख्रिस्तियान श्ट्युकल या तिशीही न गांठलेल्या गांवकऱ्याच्या हातीं दिग्दर्शन आलें, आणि एकेक वाक्य तपासलें जाऊं लागलें. २००० सालीं यहुद्यांवर शाप ओढवून घेणारें तें वाक्य गाळण्यांत आलें. आज त्या रंगभूमीवर प्रभु येशू यहुदी म्हणून जगतो, आणि यहुद्यांची ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना हिब्रू भाषेंत गायिली जाते.

संहितेबरोबर दारही रुंदावलें. १९९० पर्यंत विवाहित स्त्रियांस आणि पस्तिशी उलटलेल्या स्त्रियांस रंगभूमीवर स्थान नव्हतें. गांवांतील स्त्रियांनींच न्यायालयांत दाद मागितली आणि ती त्यांना मिळाली. आपण त्यांना हंसूं नये. आपल्या मराठी रंगभूमीवरही बालगंधर्वांच्या काळीं स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, आणि १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत कुलीन स्त्रिया उभ्या राहिल्या तेव्हां ती मोठी नवलाईची गोष्ट वाटली होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. नाटकांत भाग घेण्यास माणूस गांवांत जन्मलेला तरी असावा, नाहीं तर वीस वर्षें तेथें राहिलेला तरी असावा, असा तेथील नियम. पण २०२२ सालीं यहूदाची मोठी भूमिका करणाऱ्या दोघांपैकीं एक, चंगीझ ग्योरुर, हा तुर्की वंशाच्या मुसलमान घराण्यांतील तरुण होता. आणि श्ट्युकल यांचे सहदिग्दर्शक अब्दुल्ला कराजा हेही मुसलमान घरांतले. नवस कॅथॉलिक पूर्वजांचा. पण तो फेडावयास सारें गांव उभें राहिलें.

बंधूंनो, हें वाचीत असतां आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली आणि मान खालीं गेली. ती आज आपणांपुढें सांगण्याचें आम्हीं ठरविलें आहे. अंगण बंद पडण्यापूर्वीं बऱ्याच वर्षांमागें, नाताळच्या नाटकासाठीं मुलें निवडावयाचीं होतीं. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आली. तिनें एक स्तोत्र म्हटलें. तिच्या गळ्याविषयीं आमच्यांत दुमत नव्हतें. पण तिचे वडील गवंडीकाम करणारे, दुरून येथें पोटासाठीं आलेले, आणि भाड्याच्या खोलींत राहणारे. आपल्या नाटकांत जुन्या घराण्यांचींच मुलें घ्यावयाचीं, असा आमचा अलिखित नियम होता. आम्हीं तिला सांगितलें, “पुढल्या वर्षीं पाहूं.” पुढल्या वर्षीं ती आली नाहीं, आणि आम्हींही पाहिलें नाहीं.

पुढें महामारी आली. ज्या घरांत आजारी माणूस होतें त्या घराच्या उंबऱ्यापाशीं सख्खे भाऊ थबकत होते. त्या दिवसांत धर्मगुरूंबरोबर दारोदार धान्याच्या पिशव्या कोणीं पोंचविल्या? आमच्या मृतांच्या पेट्यांना खांदा कोणीं दिला? त्यांतले निम्म्याहून अधिक खांदे त्या भाड्याच्या खोल्यांतील तरुणांचे होते. त्यांना कोणीं विचारलें नाहीं कीं, तुम्ही या धर्मग्रामाचे केव्हांपासून? मरणाच्या वेळीं चालले ते नाटकाच्या वेळीं कां चालूं नयेत, या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

म्हणून या महोत्सवासाठीं अंगण पुन्हां उघडावयाचें ठरलें, तेव्हां आमच्यांत वाद झाला. कांहींचें म्हणणें पडलें कीं, जसें होतें तसेंच करावें. इतक्या वर्षांनीं नाटक होत आहे, त्यांत नवी भानगड नको. हें म्हणणारीं माणसें वाईट नाहींत. त्यांनींच इतकीं वर्षें हें नाटक आपल्या खिशांतून चालविलें आहे. पण अखेर सर्वांचें एकमत झालें, आणि आमच्यापैकीं तिघेजण त्या गवंड्याच्या घरीं गेलों. ती मुलगी आतां मोठी झाली आहे, आणि लहान मुलांना गाणें शिकविते. आम्हीं जुन्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली, आणि गायकवृंद बसवून द्यावा अशी विनंती केली. ती कांहीं बोलली नाहीं. तिचे वडील म्हणाले, “अंगण देवाचें आहे ना? मग विचारायला कशाला आलांत? नुसतें बोलवायचं होतं.”

आम्ही एवढेंच म्हणूं शकलों कीं, बोलवावयासच आलों आहों.

दोन महिने रोज सायंकाळीं या अंगणांत तालीम झाली. जुन्या घरांतील मुलें आणि भाड्याच्या खोल्यांतील मुलें एकाच सतरंजीवर बसून सूर धरावयास शिकलीं. आमच्या जुन्या पोथींत परक्या प्रांतांतील माणसाच्या बोलण्याची टिंगल करून हंसविणारा एक प्रवेश होता. त्याला दरवर्षीं टाळ्या पडत. तो आम्हीं काढून टाकिला. हंसूं कमी होणार नाहीं, याची हमी आंत बसलेल्या मुलांनीं घेतली आहे.

आमच्या अल्पमतीप्रमाणें या दोन अंगणांच्या गोष्टींवरून तीन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला असा कीं, बंद दार आपोआप उघडत नाहीं. कोणीतरी केस वाढवावयास सुरुवात करावी लागते, कोणीतरी पेटीचा भाता शिवावा लागतो. दुसरा असा कीं, दार उघडतांना आंत काय कुजलें आहे तें पाहावें. कसर झग्यांना लागते तशी चालीरीतींनाही लागते, आणि बंदीचा काळ ती झाडण्यासाठीं देवानें दिलेली सवड आहे. तिसरा असा कीं, गांव म्हणजे जुन्या नांवांची यादी नव्हे. ज्यांनीं एकमेकांच्या मृतांना खांदा दिला, त्यांचें गांव एक झालें.

एक गोष्ट मात्र आपण विसरूं नये. ओबरामरगाऊच्या लोकांनीं थडग्यांवर उभे राहून नाटक केलें. आपल्या अंगणालगतच आपली स्मशानभूमि आहे. जीं माणसें मागल्या खेपेस पहिल्या रांगेंत बसलीं होतीं, त्यांतलीं कांहीं आज भिंतीपलीकडे विसांवलीं आहेत. आजचें गाणें तेथवर ऐकूं जाईल. मुलांना आम्हीं मोठ्यानें गावयास सांगितलें आहे.

आकाशांत दोन-चार ढग दिसताहेत. पाऊस आला तर आपण देवळाच्या व्हरांड्यांत यावें. खुर्च्या तेथें मांडल्या आहेत. आमच्या डोक्यावर मात्र छप्पर नाहीं, आणि आम्हीं तें मुद्दामच घातलेलें नाहीं. मुलें भिजलीं तर त्यांच्या आयांनीं आम्हांस उद्यां रागवावें. आज रागावूं नये.

 परमेश्वर या धर्मग्रामावर, येथील जुन्यानव्या सर्व घरांवर आणि या लहान कलावंतांवर आपला कृपाप्रसाद ठेवो, आणि हें अंगण पुन्हां कधींही आमच्या आळसानें मुकें न राहो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.

पेटीचा सूर लागला आहे. आतां आम्ही बाजूस होतों.